सासूबाईंच्या आईची वही आणि मुलीच्या रून्स

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही नाशिकच्या, लग्न करून ऑग्सबर्गला आलात. १९ वर्षांच्या मुलीने डीएनए चाचणी करून घेतली, लाकडी रून्सचा, म्हणजे प्राचीन जर्मानिक लिपीतल्या अक्षरांचा, संच मागवला आणि आता तिला 'आपल्या जर्मन पूर्वजांची जादू' शिकायची आहे. हे ऐकून तिचे बाबा भरल्या ताटावरून उठून गेले. घरात सासूबाईंच्या आईची एक वही आहे, तिचं अक्षर कुणालाच लागत नाही, आणि वहीच्या पुठ्ठ्यात एक शिवलेली कापडी पुडी सापडली आहे. सासूबाई ८५ वर्षांच्या, वृद्धाश्रमात असतात. लहानपणी १९४६ साली सायलेशियातल्या (आता पोलंडमध्ये) ग्लात्झ भागातून हाकलून लावल्यामुळे बव्हेरियात आल्या. तुम्ही विचारता, सुरुवात कुठून करू द्यायची? आणि ही शेवटी अंधश्रद्धाच नाही का?

मी मूळची कराडची. १९९८ पासून हुन्सरुकमध्ये राहते, म्हणजे मोझेल आणि नाहे या नद्यांच्या मधला डोंगराळ पट्टा. पेशाने परिचारिका. गेली १४ वर्षं गावात 'ब्राउखेन' करते, म्हणजे मंत्र-प्रार्थना म्हणून दुखणं उतरवते. चामखीळ, भाजणं, नागीण, एवढ्यासाठीच लोक येतात. मला हे नवऱ्याकडून मिळालं, त्याला त्याच्या आईकडून. ते असं का, हे तुमच्या घराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे, पण त्याआधी तुमच्या नवऱ्याबद्दल बोलू.

एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने कायदा करून सरकारी नोकरांकडून 'आर्य' वंशाचे पुरावे मागायला सुरुवात केली. मग ती मागणी पसरत गेली. लोक गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन आजी-आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी उतरवून आणू लागले आणि 'आनेनपास' नावाच्या पुस्तिकेत शिक्के मारून घेऊ लागले. आज अनेक जर्मन घरांत जी वंशावळ सापडते ती अशी तयार झालेली आहे. १९३५ साली हिटलरच्या एसएस या दलाचा प्रमुख हिमलर याने संशोधन संस्था काढली, तिचं नावच 'आनेनएर्बे', म्हणजे पूर्वजांचा वारसा. आता तुमच्या मुलीने जेवताना उत्साहाने नेमके हेच दोन शब्द उच्चारले असतील, तर पन्नाशीतल्या जर्मन माणसाचा घास अडकणार. आपण मात्र गोत्र, कुळदैवत, मूळ गाव सहज बोलतो. इथे त्या प्रश्नालाच रक्ताचा वास आहे. तेव्हा त्याला 'जुन्या विचारांचा' म्हणू नका. तो या बाबतीत तुमच्या दोघींपेक्षा शहाणा आहे.

आता रून्स. दक्षिण जर्मनीत रून्स होत्या, हे खरं. तुमच्या ऑग्सबर्गजवळ नॉर्डेनडॉर्फला १८४३ साली एक पिन सापडली, तिच्यावर वोडान आणि डोनार या देवांची नावं कोरलेली आहेत. मुलीला ती बघायला जरूर न्या. पण ही सहाव्या-सातव्या शतकातली गोष्ट. त्यानंतर इकडची कोरणी थांबली ती थांबलीच. तुमच्या आजेसासूबाईंच्या हातात रोझरीची माळ होती. रून्स त्यांनी कधी पाहिल्याही नसतील. बाजारात '१८ रून्स' म्हणून जे मिळतं ते तर विसाव्या शतकातलं आहे. व्हिएन्नाच्या गीडो फोन लिस्टच्या डोळ्यांवर १९०२ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पट्टी बांधलेली असताना त्याला त्या 'दिसल्या', आणि १९०८ मध्ये त्याने त्या छापल्या. पुढे ते सगळं एसएसच्या गणवेशापर्यंत पोचलं. जर्मनीत काही चिन्हं जाहीरपणे वापरणं हा दंडसंहितेच्या कलम ८६ अ खाली गुन्हा ठरू शकतो. म्हणून एवढं तरी सांगा की गळ्यात घालायच्या आधी त्या चिन्हाचा इतिहास बघ.

मग खरं काय होतं? तर 'जर्मन जादू' असं काही नव्हतंच. गाव होतं आणि गावाची बोली होती. आमच्याकडे, फाल्झमध्ये, बाडेन-श्वाबेनमध्ये म्हणतात ब्राउखेन. उत्तरेला बेश्प्रेखेन, म्हणजे दुखण्याशी बोलणं. मेक्लेनबुर्गच्या खालच्या जर्मनमध्ये ब्योटेन. बव्हेरियात आबबेटेन, प्रार्थना करून घालवणं. ऑस्ट्रियात वेंडेन, म्हणजे वळवणं, परतवणं. आपल्या 'उतरवणे'च्या अगदी जवळचा हा शब्द. यातला एकही शब्द स्वतःला जादू म्हणत नाही. एखाद्या म्हातारीला जाऊन 'तुम्ही हेक्स आहात का' विचारलंत तर ती दार लावून घेईल; हेक्स म्हणजे चेटकीण. 'इथे कुणी आबबेटेन करतं का' असं विचारलंत, तर कदाचित कॉफी मिळेल.

आणि हे सगळं ख्रिस्ती आहे. रून्स घेऊन आलेल्या तरुण मुलांचा इथे हिरमोड होतो, पण त्याला इलाज नाही. भाजल्यावरचा एक जुना मंत्र घ्या. आपला प्रभू रानातून चालला होता, त्याला आग दिसली, आगीवरच्या जाळीवर संत लॉरेन्स पडले होते, प्रभूने हात उचलून आगीला शांत केलं. तशी ही आगही शांत होवो. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने अंगठ्याने तीन क्रूस आणि तीन फुंकरा. साधारण असंच असतं सगळं. आधी एक छोटीशी गोष्ट, मग 'तसं इथेही होवो'. तीन दिवस, रोज तीनदा, तोंडातल्या तोंडात. घालवायचं असेल ते उतरत्या चंद्रावर, वाढवायचं असेल ते चढत्या चंद्रावर. आपला कृष्ण पक्ष आणि शुक्ल पक्ष. चामखिळीवर कापलेलं सफरचंद चोळून, दोन्ही फोडी परत जुळवून पागोळीखाली पुरतात. सफरचंद कुजलं की चामखीळ गळते. (चामखीळ तशीही बऱ्याचदा आपोआप जाते, हे मला माहीत आहे आणि माझ्या सासूबाईंनाही माहीत होतं.)

त्याच्या मागे काही जुनं आहे का? आहे, आणि तुमच्या मुलीला रून्सपेक्षा हे जास्त आवडेल. मेर्झेबुर्गच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात १८४१ साली एका जुन्या हस्तलिखितात दोन मंत्र सापडले. याकोब ग्रिमने ते पुढच्या वर्षी छापले. जर्मन भाषेत ख्रिस्तपूर्व देवांची नावं घेणारे जे मोजके मंत्र उरले त्यांतले हे. दुसऱ्या मंत्रात फोल आणि वोडान रानातून जात असतात, बाल्डरच्या शिंगराचा पाय मुरगळतो, बाकीच्या देवता मंत्र घालून बघतात आणि शेवटी वोडान म्हणतो: हाड हाडाशी, रक्त रक्ताशी, सांधा सांध्याशी, जणू डिंकाने चिकटवले. आता अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातलं बारावं सूक्त काढा. मोडलेल्या हाडासाठी रोहिणी वनस्पतीला उद्देशून ते म्हणतं, 'मज्जा मज्ज्ञा सं धीयतां चर्मणा चर्म रोहतु'. मज्जा मज्जेशी जुळो, कातड्यावर कातडं चढो. हे साम्य आडालबेर्ट कून या भाषाशास्त्रज्ञाने १८६४ सालीच दाखवून दिलं. दोन्ही एकाच मुळातून आले, की मोडलेलं हाड बघून माणूस कुठेही हेच बोलेल, यावर विद्वानांचं अजून चालू आहे. मला त्यात पडायचं नाही. पण हुन्सरुकच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा तो मंत्र वाचताना मला आजोळचा देव्हारा आठवला होता. नाशिकची आई आणि सायलेशियाची आजी असलेल्या मुलीच्या तर दोन्ही बाजूंना हेच आहे. तिला टक्केवारी कशाला हवी?

आता तो नियम. मंत्र आडवा जातो: बाईकडून पुरुषाकडे, पुरुषाकडून बाईकडे. बाईने बाईला दिला तर तो लागू पडत नाही. बऱ्याच भागांत हाच नियम आहे. काही ठिकाणी फक्त मोठ्याने लहानाला द्यायचा, काही ठिकाणी गुड फ्रायडेलाच द्यायचा. आपल्याकडे विंचवाचा मंत्र ग्रहणात पाण्यात उभं राहून घेत, आणि उघड केला तर जातो म्हणत; तसंच हे. माझ्या सासूबाईंना मुलगी होती, पण तिला देता येईना. म्हणून मुलाला दिला. त्याला यात काडीचा रस नव्हता, तो छप्परं शाकारायचं काम करतो. त्याने मला दिला. अशा रीतीने हुन्सरुकचा मंत्र कराडच्या बाईकडे आला. गावात पहिलं वर्षभर लोक बघायचे माझ्याकडे. मग शेजारच्या शेतकऱ्याचा हात दुधाच्या वाफेने भाजला, आणि त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. सासूबाईंकडे काही असलंच, तर त्या ते नातीला थेट देऊ शकत नाहीत. त्यांना ते आधी मुलाला द्यावं लागेल, आणि मुलगा ते तुमच्या लेकीला देईल. ताटावरून उठून गेलेल्या माणसाला वगळून हा वारसा तिच्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे त्याला मनवा. पण रून्स टेबलावर ठेवून नका मनवू.

वहीकडे येऊ. अक्षर लागत नाही, कारण ते कुरेंट किंवा ज्युटरलिन, म्हणजे जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या पद्धतीतलं, असणार. ज्युटरलिन १९१५ पासून प्रशियाच्या शाळांत शिकवत, आणि सायलेशिया प्रशियातच होता. १९४१ मध्ये ते बंद केलं. दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास घालवला तर मुलगी ते वाचायला शिकेल. आपली मोडी शिकण्याइतकं अवघड नाही. हाइमाटफेराइन, म्हणजे गावोगावची स्थानिक इतिहास मंडळं, तिथल्या निवृत्त शिक्षकांना असलं काही वाचायला दिलं की फार आनंद होतो. पण तयारी ठेवा, वहीत नव्वद टक्के पाककृती, कपड्यांचे डाग काढायचे उपाय आणि उधारीचे हिशेब निघतील. मधेच कुठेतरी तीन क्रूस काढलेले दिसतील, किंवा ओळीच्या शेवटी तीन मोठी अक्षरं. तिथे थांबायचं. SATOR AREPO हा चौकोन, म्हणजे 'साटोर आरेपो टेनेट ओपेरा रोटास' अशा पाच ओळी दिसल्या, तर तो आगीपासून आणि गुरांच्या दुखण्यापासून रक्षणासाठी. चित्रविचित्र मोहरा आणि हिब्रूसारखी अक्षरं दिसली, तर कुणीतरी 'मोझेसचं सहावं आणि सातवं पुस्तक' उतरवलंय. ते १८४९ साली श्टुटगार्टला छापलं गेलं आणि मग खेड्यापाड्यांत पसरलं. त्याच्याभोवती भीती फार आहे, आत सामान फार कमी.

इंटरनेटवर मुलीला इंग्रजीत जे सापडेल ते बहुतेक पेनसिल्व्हेनियाचं असेल. तिकडे गेलेल्या फाल्झच्या लोकांनी ब्राउखेन नेलं, आणि १८०२ मध्ये जर्मनीतून गेलेल्या योहान गेओर्ग होमानने १८२० साली रेडिंगला त्याचं पुस्तक छापलं. चांगलं आहे ते, पण ग्लात्झचं नाही. सायलेशियाच्या आजीला समजून घ्यायला पेनसिल्व्हेनियाचं पुस्तक म्हणजे कोकणातली भुतं शोधायला विदर्भात जाण्यासारखं.

सायलेशियाची स्वतःची गोष्ट आहे. त्यांच्या डोंगरावर र्‍युबेत्साल नावाचा लहरी राखणदार राहतो, आणि त्याच्या उतारावर क्रुमह्युबेल गावात 'लाबोरांट' नावाचे काढे-अर्क करणारे लोक पिढ्यानपिढ्या होते. उपवासाच्या काळातल्या चौथ्या रविवारी मुलं गवताचा 'मृत्यू' गावाबाहेर नेऊन बुडवत किंवा जाळत, आणि परतताना कागदी फुलांच्या काठ्या घेऊन उन्हाळ्याची गाणी म्हणत दारोदार फिरत. ईस्टर सोमवारी विलोच्या काड्यांनी एकमेकांना हलके फटके, वर्षभर निरोगी राहावं म्हणून. ख्रिसमसच्या आदल्या रात्री खसखस, दूध आणि पाव यांचं मोनक्लोझे. खसखशीच्या दाण्यांइतके पैसे येवोत असं म्हणत. तुमच्या सासूबाई नाताळला ते करत असतील, नक्की करत असतील. आणि तुम्ही इतकी वर्षं ते 'गोड पदार्थ' म्हणून खाल्लं असेल. पाकिटात कार्प माशाचा खवला ठेवतात का, तेही बघा.

१९४५ नंतर पूर्वेकडून सुमारे सव्वा कोटी जर्मन हाकलले गेले. त्यामुळे बव्हेरियात राहणाऱ्या कुटुंबाचे पूर्वज बव्हेरियाचे असतातच असं नाही. पण आता मुलगी बव्हेरियात वाढली आहे, तर ती भूमीही तिचीच. १५ ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन चालू असतं तेव्हा तिथे मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो आणि बायका औषधी वनस्पतींच्या जुड्या बांधून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. मधोमध क्योनिग्सकेर्त्से, भोवती यारो, नागदवणा, जॉन्सवर्ट. सात, नऊ, कुठे ७७ वनस्पती. ती जुडी घरात टांगतात, आणि वादळात थोडी चुलीत टाकतात. नाताळ ते ६ जानेवारी या बारा 'राउनेख्टे'. या रात्री घर आणि गोठा धुपवायचा, धुणं दोरीवर घालायचं नाही. ६ जानेवारीला दारावर खडूने साल आणि सी, एम, बी ही अक्षरं. हे सगळं आजही चालू आहे, शिकायला कुठे शिबिराला जायला नको. मुलीला या ऑगस्टला एखाद्या खेड्यातल्या बाईबरोबर जुडी बांधायला पाठवा. अर्निका मात्र रानातून तोडायची नाही, ती संरक्षित आहे.

आता अंधश्रद्धेचा प्रश्न. हा प्रश्न मराठी माणूस विचारणारच, आणि २०१३ साल पाहिलेल्याने तो विचारलाच पाहिजे. जर्मनीतही असा एक माणूस होऊन गेला. योहान क्रूझे, डिटमार्शनमध्ये जन्मलेला, हॅम्बुर्गचा शिक्षक. दुसऱ्या महायुद्धानंतरही खेड्यांत 'हेक्सनबानर' होते, चेटूक उतरवणारे. गाय आटली, मूल आजारी पडलं की ते सांगायचे, 'अमुक दिवशी दारात जी बाई पहिली येईल तिनेच केलं.' आणि एखादी म्हातारी विधवा गावातून उठायची. क्रूझेने आयुष्यभर अशा घटना गोळा केल्या, मोझेसच्या त्या पुस्तकाच्या प्रकाशकाला पन्नासच्या दशकात कोर्टात खेचलं. मी त्याच्या बाजूची आहे. माझी रेघ तिथेच आहे: दुखणाऱ्या जागेवर फुंकर घालेन, पण हे कुणी केलं हे सांगणार नाही. जो दुसऱ्याचं नाव घेतो त्याच्या दारातूनच परत फिरायचं.

याच्याच उलट टोकाला 'जाळल्या गेलेल्या चेटकिणींच्या आम्ही नाती' असं म्हणणारे लोक असतात. चेटकीण म्हणून मारल्या गेलेल्यांचा आकडा पूर्ण युरोपात ४० ते ६० हजार, त्यातले सुमारे २५ हजार जर्मन भूभागात. भयंकरच. पण ९० लाख नव्हेत. तो आकडा क्वेडलिनबुर्गच्या फोइग्टने १७८४ साली हाताशी असलेल्या मोजक्या खटल्यांवरून गुणाकार करून काढला होता. हिमलरनेही चेटकीण-खटल्यांची ३० हजारांवर कार्डं जमवली, चर्चने 'जर्मानिक वंश' संपवला हे दाखवायला. आणि मेलेल्या बहुतेक बाया-पुरुष काही वैदू नव्हते. शेजारणीने नाव घेतलेली साधी माणसं होती.

कायद्याचं म्हणाल तर २००४ साली घटना न्यायालयाने सांगितलं की फक्त प्रार्थना करणाऱ्याला, हात ठेवणाऱ्याला उपचारकाचा परवाना लागत नाही. मात्र निदान करायचं नाही, डॉक्टरला पर्याय म्हणून उभं राहायचं नाही. माझ्याकडे नागीण घेऊन आलेल्याला मी आधी विचारते, पुरळ कधी उठलं? औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर उपयोग. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर मी हातही लावत नाही, गाडीत घालून डोळ्यांच्या दवाखान्यात नेते. एकदा एका गृहस्थाला हे आवडलं नाही, माझ्यावर 'विश्वास कमी' असल्याचा ठपका ठेवून ते दुसरीकडे गेले. जाऊ देत.

राहिली पुडी. ती ब्रेवर्ल असावी, म्हणजे आत घड्या घातलेली संतांची चित्रं, पानांचे तुकडे, कधी धातूचा छोटा क्रूस. किंवा हिमेल्सब्रीफ, 'स्वर्गातून आलेलं पत्र', जे पहिल्या महायुद्धात कितीतरी सैनिकांच्या आयांनी त्यांच्या कोटात शिवलं होतं. उघडली की तिचा गुण जातो असं मानतात. उघडू नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. संग्रहालयातले लोक न उसवता बघू शकतात. त्यांना दाखवायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार तुमचा नाही, माझाही नाही, मुलीचा तर नाहीच. सासूबाईंचा आहे.

आणि म्हणूनच पहिलं काम वृद्धाश्रमात जाण्याचं. तिघंही जा. वही न्या, रून्स नेऊ नका. 'जादू' हा शब्द काढू नका, 'पूर्वज' हाही नको. मुलीला एवढंच विचारू द्या: ओमा, तू लहान असताना गुडघा फुटला की तुझी आई काय म्हणायची? बहुतेक जर्मन मुलांना 'हाइले, हाइले झेगन, तीन दिवस पाऊस, तीन दिवस बर्फ' हे ऐकून माहीत असतं. ग्लात्झमध्ये त्याचं काही वेगळंच रूप असेल, तिथल्या बोलीत, जी आता बोलणारी माणसं फारशी उरली नाहीत. फोनवर रेकॉर्ड करायची परवानगी मागा. आणि त्या काही पुटपुटायला लागल्या, मधेच थांबल्या, आणि मुलाकडे बघायला लागल्या, तर तुम्ही दोघी उठून कॉफी आणायला जा. जरा वेळ लावा.